त्या तटात माझेच चिरे आहेत

प्रति,
आमच्या किल्ल्याचं काम मंजूर करणारे, त्याचं अंदाजपत्रक बनवणारे, ते करून घेणारे आणि शेवटी फीत कापणारे सर्व संबंधित यांस,

विषय : किल्ल्याची झालेली ‘दुरुस्ती’ आणि दिवाळीनंतर सुरू होणारा दुसरा टप्पा.

स.न.वि.वि.

हे पत्र उघडं लिहितोय, कारण बंद पाकिटातली तीन पत्रं तुमच्याकडे आधीच पडून आहेत. पहिल्याची पोच मिळाली. दुसऱ्यावर आवक क्रमांक पडला. तिसरं कुठल्या टेबलावर आहे ते तुमच्या शिपायालाही सांगता आलं नाही. तेव्हा चौथं आता सगळ्यांनीच वाचावं.

किल्ल्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. नाव घातलं की एक कनिष्ठ अभियंता आणि एक ठेकेदार कोपऱ्यात धरले जातील आणि बाकीचे हात झटकून मोकळे होतील, हे मला पक्कं ठाऊक आहे. शिवाय बाणकोटापासून रेडीपर्यंत किनाऱ्याला किल्ल्यांची काय कमी आहे? ज्याने त्याने आपल्या गावचा समजून वाचावं.

मी इतिहासकार नाही. दहावीनंतर शाळा सुटली. किल्ल्याखालच्या वाडीत जन्म, बापूस गवंडी, आणि मी चिरेखाणवाला. एकतीस वर्षं जांभा काढतो आणि विकतो. हे पत्र लिहायला एवढा उशीर झाला त्याचं कारणही हेच आहे. तुमच्या त्या नव्या तटात माझेच चिरे आहेत.

झालं असं. दोन वर्षांमागे डिसेंबरात ठेकेदाराचा मुकादम खाणीवर आला. ऑर्डर मोठी होती, पैसे रोख. मी विचारलं, किल्ल्यावर कशाला लागतात एवढे? म्हणाला, पायवाट आणि स्वच्छतागृह. मी गप्प बसलो, ट्रक भरून दिले. एवढे चिरे कुठल्या स्वच्छतागृहाला लागतात हा हिशोब मला येत नव्हता असं नाही. खाणवाल्याला चिऱ्याचा हिशोब येत नाही म्हणजे मासेवालीला बांगड्याचा भाव ठाऊक नाही म्हटल्यासारखं. येत होता. मी केला नाही, एवढंच. तेव्हा तुमच्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटं कुणाकडे वळलीत हे मला कळतं. ते एकदा सांगून टाकलं, आता पुढचं बोलायला मोकळा.

काम चालू असेपर्यंत वर जायला बंदी होती. उद्घाटनाला आम्हाला बोलावणं नव्हतं. गणपतीत बहीण मुंबईहून आली, तिची सून, नातवंडं, सगळी निघाली म्हणून मीही चढलो. शेवटच्या वळणावर तट दिसला आणि मला वाटलं कुणाच्या तरी नव्या बंगल्याचं कंपाउंड आहे. लालभडक. ओळंब्यात, सरळ, एकेक थर दोरी लावल्यासारखा. बहिणीची सून म्हणाली, “किती छान मेंटेन केलाय!” तिचं काही चुकलं नाही. तिने आधीचा पाहिलाच नव्हता.

मी बुरजाला हात लावला. खाणवाल्याला आपला दगड ओळखता येतो. माझ्या खाणीत खालच्या थराला पिवळट शीर आहे आणि चिऱ्यात मधूनमधून पांढऱ्या मातीचे ठिपके असतात, बोटाने उकरले तर निघतात असे. ते ठिपके तिथे होते. यंत्राच्या पात्याचे अर्धगोल ओरखडेसुद्धा तसेच, पुसायचीही तसदी कुणी घेतली नव्हती. ज्या बुरजावर मी लहानपणी चढून पडलो आणि ज्याची खूण माझ्या हनुवटीवर अजून आहे, त्या बुरजाच्या पोटात माझ्या खाणीतला दोन वर्षांमागचा माल.

आता तक्रारी. क्रमाने मांडतो, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली आणि सगळ्यात मोठी : जे पडलं नव्हतं ते तुम्ही पाडलंत. उत्तरेच्या बाजूचा तट ढासळला होता हे खरं. तिथे वडाने मुळं घातली होती आणि दर पावसाळ्यात दोनचार दगड खाली यायचे. तेवढं बांधून काढणं गरजेचंच होतं. पण दरवाजाच्या डाव्या अंगाचा तट उभा होता. वाकडा होता, मध्ये थोडा फुगला होता, पण उभा होता. नव्या तटाच्या ओळीत बसत नाही म्हणून तोही उतरवलात.

त्या तटावर काय होतं ते सांगतो. हाताने काढलेल्या चिऱ्यावर टिकावाचे घाव राहतात. आखूड, तिरके, एकापुढे एक. उजव्या हाताचा माणूस काम करतो तेव्हा ते एका बाजूला कलतात. त्या तटात कमरेच्या उंचीवर दहाबारा चिरे असे होते, ज्यांच्यावरचे घाव उलट्या बाजूला कलले होते. माझे वडील मला तिथे उभं करून दाखवायचे, “हो बघ, डावरो.” डावखुरा. तीनएकशे वर्षांपूर्वी कुणीतरी डावखुरा माणूस इथे चिरे काढत होता. त्याचं नाव कुठल्या बखरीत नाही, कुठल्या कागदात नाही. त्याच्या हाताची तेवढीच खूण शिल्लक होती आणि ती आमच्या गावात फार तर पाचसात जणांना ठाऊक असेल. किल्ल्याच्या खंदकाच्या कडेलाही तसेच उलटे घाव होते, कारण आमच्या किल्ल्याचा खंदक हीच त्याची मूळ खाण. खोदला खंदक, निघाला तो चिरा वर नेऊन लावला. म्हणजे हा दगड इथलाच, बाहेरून आणलेला नाही, याचा पुरावा खाली आणि वर समोरासमोर होता. वरचा तुम्ही उतरवलात. खालच्या बाजूचं पुढे सांगतो.

उतरवलेले जुने चिरे कुठे गेले? मी मजुरांना विचारलं. काही फोडून नव्या भिंतीच्या पोटात भरले. काही पायवाटेच्या खाली. डावऱ्याच्या चिऱ्यांवरून आता लोक चालतात, किंवा चालतही नसतील, ते बुरजाच्या पोटात असतील. जुन्या दगडावर आकडे घालून, फोटो काढून, होते तसे परत लावता आले असते. त्याला काही परदेशी ज्ञान लागत नाही. आमच्या देवीच्या देवळाचं जोतं गावाने उतरवून परत बांधलं तेव्हा खडूने आकडे घातले होते.

दुसरी तक्रार चर्‍यांची. तटाच्या माथ्यावर ओळीने दातांसारख्या असतात त्या जुन्या चर्‍या फक्त पश्चिमेला उरल्या होत्या, साध्या, चौकोनी, डोकं थोडं गोल केलेल्या. आता सगळ्या तटावर कमळाच्या पाकळ्या आहेत. पाकळीच्या चर्‍या मी पाहिल्यात, मुरुडच्या समुद्रातल्या पद्मदुर्गावर. तिथे त्या शोभतात, त्या किल्ल्याचं नावच पद्म. आमच्याकडे त्या कुठून आल्या? कुठल्या जुन्या फोटोत? कुठल्या चित्रात? मी तुमच्या अभियंत्याला विचारलं, तो बिचारा खरं बोलला. म्हणाला, “काका, वरून डिझाइन आलं.” वरून म्हणजे कुठून ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

पुण्याहून वास्तुकलेची एक विद्यार्थिनी मागच्या उन्हाळ्यात किल्ल्याची मापं घ्यायला आली होती. उन्हाची खाणीवर पाणी प्यायला थांबायची. तिने मला व्हेनिसच्या सनदेबद्दल सांगितलं. १९६४ सालची. जगभरच्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची माणसं एकत्र बसून ठरवलेली गोष्ट. त्यात दोन मुद्दे मला लगेच पटले, कारण आमच्या धंद्यातली शहाणी माणसंही हेच सांगतात. एक, जिथे अंदाज सुरू होतो तिथे हात थांबवायचा. दोन, नवं घातलं तर ते जुन्याशी मिळतंजुळतं असावं, पण बघणाऱ्याला नवं म्हणून ओळखू यावं. तुम्ही दोन्ही उलट केलंत. जिथे काही माहीत नाही तिथे भरभरून बांधलंत. आणि नवं कोणतं, जुनं कोणतं हे कळू नये म्हणून सगळ्यावर एकच लाल रंगाचा हात फिरवलात. हो, रंगच. दक्षिणेच्या बुरजावरचा खराखुरा जुना काळपट चिरासुद्धा तुम्ही लाल केलात. नखाने खरवडून पाहिला मी.

तिसरी तक्रार सिमेंटची. इथे जरा थांबतो, कारण हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं.

जांभा हा भुसभुशीत दगड. जमिनीतून काढला की मऊ असतो, म्हणून तर हाताने कापता येतो. उघड्यावर राहिला की कडक होत जातो. जुने लोक ताजा चिरा लगेच लावत नसत, एक पावसाळा खाऊ देत. त्याला भोकं असतात, तो पाणी पितो आणि सोडतो. आमच्याकडे वर्षाला शंभर इंचांवर पाऊस आणि बारा महिने खारा वारा, तेव्हा भिंतीत पाणी शिरणारच. ते अडवायचं नसतं, बाहेर जाऊ द्यायचं असतं. चुन्याने भरलेल्या सांध्यांतून ते जातं. सिमेंटातून जात नाही. मग ते दगडातून वाट काढतं, बरोबर मीठ आणतं, ते मीठ दगडाच्या तोंडाशी सुकतं, फुगतं आणि दगडाचं तोंड पापुद्र्यांनी सुटतं. आम्ही त्याला लोणा लागला म्हणतो. दोनच पावसाळे झालेत. पश्चिमेच्या तटाला आत्ताच पांढरा लोणा आलाय. सिमेंटची रेघ ताठ उभी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा चिरा आत बसत चाललेला. माझे वडील म्हणायचे, “चुनो भिंतीवांगडा म्हातारो जाता, सिमिट जाणा नाय.” चुना भिंतीबरोबर म्हातारा होतो, सिमेंट होत नाही.

चुना कमजोर असतो असं तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं म्हणे. त्यांनी एकदा मुरुडहून होडीने पद्मदुर्गावर जावं. तिथे समुद्राच्या माऱ्याने तटाचे दगड झिजून आत गेलेत आणि दोन दगडांमधला चुना तसाच बाहेर उभा आहे, मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखा. दगड हरला, चुना राहिला. आणि अलिबागच्या कुलाब्याला जावं. १६८० साली काम सुरू झालेला किल्ला. समुद्राच्या बाजूला मोठाले दगड एकावर एक नुसते रचलेत, मध्ये चुनासुद्धा नाही. लाट फटीतून आत शिरते, तिथेच तिचा जोर मोडतो, परत फिरते. ज्यांनी हे बांधलं त्यांना समुद्र कळत होता. तुम्ही आमच्या समुद्राकडच्या तटाच्या सगळ्या फटी सिमेंटने लिंपल्यात, आणि फांजीवरचं, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवरचं, पाणी खाली उतरायची जुनी दगडी पन्हळं होती तीही बुजवलीत. आता ते पाणी जाणार कुठे?

चुना का वापरला नाही हे मी विचारलं तेव्हा जे उत्तर मिळालं ते मी विसरणार नाही. उत्तर देणारा माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, दरसूचीत सिमेंटचा दर आहे, चुन्याच्या जुन्या कामाचा दर कुठून लावू? आणि निधी आला जानेवारीत, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा. चुना विरवायचा, खड्ड्यात मुरवायचा, घाणीत मळायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालायचा, वाळायला वेळ द्यायचा. “काका, तीन महिन्यांत कसं जमणार?”

किल्ल्याच्या आतच चुन्याची घाणी आहे. गोल दगडी चर आणि त्यातलं दगडी चाक, चाक अर्धं मोडलेलं. तुम्ही तिच्याभोवती साखळी लावून ‘प्राचीन चुना घाणी’ अशी पाटी ठोकलीत. आणि तिच्यापासून वीस पावलांवर सिमेंटचा मिक्सर लावलात. मला हसू आलं नाही.

चौथी, सदर. बालेकिल्ल्यात एक जोतं होतं, गुडघाभर उंचीचं, वर काही नाही. गावातली म्हातारी माणसं त्याला कचेरी म्हणायची, कारण इंग्रजांच्या वेळी तिथे सरकारी कचेरी भरायची, तिची कौलं गावातल्या दोन घरांवर अजून आहेत. त्या जोत्यावर तुम्ही खांबांची सदर उभी केलीत. खांब आरसीसीचे, बाहेरून दगडाची पातळ फरशी चिकटवलेली. पाटीवर लिहिलंत ‘राजसदर’. त्या जोत्यावर खांबांच्या बैठकीचे दगड कधीच नव्हते. मी त्याच्यावर गोट्या खेळलोय. आणि खाऱ्या वाऱ्यात आरसीसीचं काय होतं हे कोकणात कुणाला सांगायला नको. ज्याच्या घराला स्लॅब आहे त्याने वर बघावं. सळी गंजते, फुगते, पोपडा पडतो. वीस वर्षांनी ही राजसदर लोकांच्या डोक्यावर पोपडे टाकेल आणि मग पाटी लागेल : प्रवेश बंद.

पाटीचं निघालं म्हणून सांगतो. तुमच्या माहितीफलकावर आमचा किल्ला एका राजाने एका दमात बांधल्यासारखा आहे. कोकणातला कुठला किल्ला असा आहे? सिंधुदुर्गाचं ठीक आहे, १६६४च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर पायाभरणी झाली, तीन वर्षांत उभा राहिला. पण विजयदुर्ग घ्या. आदिलशाही, शिवाजी महाराज, आंग्रे, १७५६ची लढाई, मग पेशव्यांचं आरमार आणि त्याचे प्रमुख धुळप, १८१८ला इंग्रज. प्रत्येकाने काहीतरी घातलं, काहीतरी मोडलं. ते वाचता येतं म्हणून तर किल्ला बघायचा. आमच्या किल्ल्यात इंग्रजांची कचेरी होती हे सांगायला लाज कसली? तीही इथेच घडली.

आणि या बाबतीत आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. हेलियमचा शोध १८६८ साली विजयदुर्गाच्या तटावर लागला असं मी स्वतः कितीएक पाहुण्यांना छाती फुगवून सांगितलंय. त्या विद्यार्थिनीने मला हळूच सांगितलं की लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची ती रेघ त्या वर्षी इंग्लंडातूनच पाहिली. विजयदुर्गाला तो आला १८९८च्या जानेवारीत, सूर्यग्रहणाला. मला दोन दिवस वाईट वाटलं. मग वाटलं, ग्रहण बघायला एवढा मोठा शास्त्रज्ञ बोटीने इथे आला, तटावर दुर्बिणी लावल्या, हे काय कमी आहे? खरी गोष्ट पुरेशी होती. आम्हीच तिला पाकळ्या चिकटवल्या.

पाचवी तक्रार थोडक्यात. खंदक अर्धा भरून तुम्ही वाहनतळ केलात. डावऱ्याचे खालचे घाव त्या भरावाखाली आहेत. वाहनतळाला पलीकडे गावाची गुरचरण मोकळी होती. ग्रामपंचायत द्यायला तयार होती, ठराव आहे.

सहावी छोटी आहे, पण माझ्यापुरती तीच मोठी. मुख्य दरवाजाच्या उंबऱ्याचा दगड. काळा दगड, जांभा नव्हे, मुद्दाम कुठून तरी आणलेला. त्याला मधोमध खळगा पडला होता, पावलांनी. किती पावलं ते कुणी मोजलं नाही. शिपाई, तोफखान्याची माणसं, कचेरीत दाखला काढायला आलेली माणसं, देवीला जाणाऱ्या बायका, जत्रेची पोरं. पावसाळ्यात त्या खळग्यात ओंजळभर पाणी साचायचं. आई देवळात जाताना त्यात पायाचं बोट बुडवून पुढे जायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता तिथे ग्रॅनाइट आहे. गुळगुळीत, कडा पॉलिश केलेला. पावसात घसरायला होतं म्हणून त्यावर पिवळी पट्टी चिकटवलीय.

आता तुमची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता रडतोय. वड-पिंपळाची मुळं काढलीत, ते उत्तम केलंत. पाण्याचं टाकं साफ केलंत, त्यात प्लास्टिकच्या बाटल्यांचा थर होता, तो आमच्याच लोकांनी केलेला. पायथ्याचा ढासळता कोपरा सावरलात. त्या कोपऱ्याचं काम चांगलं आहे, बहुतेक तिथल्या गवंड्याला काम येत होतं.

आणि गावात सगळे माझ्या बाजूने नाहीत. माझाच पुतण्या वाहनतळाजवळ सरबताची गाडी लावतो. त्याने मला तोंडावर सुनावलं, “काकानू, पडकी भिंत बघूक लोक येनत नाय. फोटो काढूक कायतरी व्हया ना?” त्याचं पोट त्यावर आहे, मी त्याला दोष देत नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात त्याने जेवढं कमावलं तेवढं आधी वर्षभरात होत नव्हतं. पण मी त्याला विचारलं, सिंधुदुर्गाला लोक का जातात? नव्या चर्‍या बघायला? चुन्यात उठलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा बघायला जातात. उद्या कुणी म्हणालं तो ठसा पुसट झालाय, नवा साचा काढून बसवू, छान दिसेल, तर चालेल? तो काही बोलला नाही. सरबत मात्र फुकट दिलं.

२०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आपल्या किनाऱ्याचे. आम्ही वाडीत पेढे वाटले. पण तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच भाषा आहे की बाकीचे किल्लेही ‘त्या दर्जाचे’ करायचे. दर्जा म्हणजे काय समजता? ती यादी करताना जागा खरी आहे का, तिच्यातलं किती मूळचं आहे, हेच तर आधी बघतात. आमचा किल्ला त्या यादीच्या जवळपासही नव्हता आणि कधी जाणारही नाही. पण तो खरा होता.

किल्ला कुणाच्या ताब्यात आहे यावर तुमच्याच दोन कार्यालयांनी मला दोन उत्तरं दिली. केंद्राचा १९५८चा कायदा आहे, राज्याचा १९६०चा आहे. कुठल्या कायद्याखाली पाकळ्या आल्या ते तरी कळू दे. माहितीच्या अधिकारात मी अर्ज केला. तीस दिवसांची मुदत केव्हाच संपली, उत्तर आलं ते असं की माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे. काम संपलं, उद्घाटन झालं, आणि कामाची माहिती अजून संकलित होतेय.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत.

बांधलेलं पाडा असं मी म्हणत नाही. पाडताना उरलंसुरलं जुनंही जाईल. पण दुसरा टप्पा थांबवा. त्यात पश्चिमेचा तट, दारूकोठार आणि देवळामागचा चोरदरवाजा आहे असं फलकावर लिहिलंय. एवढ्यातच काय ते मूळचं शिल्लक आहे. तिथे झाडं काढा, पाण्याला वाट द्या, हलणारा दगड आहे तिथेच घट्ट करा, आणि बाकी हात लावू नका.

पहिल्या टप्प्याच्या आधीची मोजमापं, नकाशे, फोटो आणि अंदाजपत्रक ग्रामपंचायतीत लोकांना बघायला ठेवा. नसतील तर नाहीत असं लिहून द्या.

नवं कुठवर आणि जुनं कुठून, हे तटावर दाखवा. त्यासाठी दगडाची एक बारीक वेगळी ओळ पुरते, किंवा फलकावर साधा नकाशा, दोन रंगांत. ‘राजसदर’ची पाटी काढून तिथे ही इमारत कुठल्या साली बांधली ते लिहा.

पश्चिमेच्या तटाचं सिमेंट येत्या पावसाळ्याच्या आत काढून चुना भरा. चुन्याचं काम येणारे दोन म्हातारे गवंडी शेजारच्या गावात अजून आहेत, एकाला दिसत कमी असलं तरी हात चालतो. त्यांच्या हाताखाली चार पोरं द्या. दर लावता येत नसेल तर माझ्याकडे या, आपण बसून काढू. चिरे लागले तर मी देईन, हाताने काढलेले, पावसाळा खाल्लेले, आणि या वेळी पैसे घेणार नाही. मागचे घेतले ते पुरे झाले.

खंदकातला भराव काढा. गुरचरणीचा ठराव सोबत जोडलाय.

आणि तो उंबऱ्याचा दगड. मजुरांपैकी एकजण म्हणाला की तो फोडला नाही, फुटत नव्हता. ट्रकमध्ये टाकून कुणाच्या तरी बागेत बसायला नेला. लांबी साधारण पाच फूट, काळा, एका कोपऱ्याला टवका उडालेला, मधोमध ओंजळभर खळगा. ज्याच्या बागेत असेल त्याने नुसतं कळवावं. नाव विचारणार नाही. चार माणसं आणि टेम्पो मी घेऊन येईन, भाडं माझं.

आपला,
किल्ल्याखालच्या वाडीतला एक चिरेखाणवाला